वकीलबाईंचं दुसरं वाक्य

वकीलबाईंनी मला दोन वाक्यं सांगितली होती. पंचांसमोर मी त्यातलं एकच सांगितलं. ते एक वाक्य अक्षरशः खरं होतं, त्यामुळे मला कोणी खोटा म्हणू शकत नाही आणि म्हटलेलंही नाही. म्हणून हे लिहिण्याचं काम माझ्यावरच येतं.

मी जव्हारजवळच्या एका आश्रमशाळेत लिपिक आहे. हजेरीचे गोषवारे, दाखले, जनरल रजिस्टर हे माझं काम. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत रजिस्टरात माझ्या हातची खाडाखोड चार ठिकाणी आहे आणि चारही ठिकाणी मुख्याध्यापकांची सही घेतलेली आहे. आमच्या भागात कचेरीत बसून लिहिणाऱ्याला भाऊसाहेब म्हणतात, तसं मलाही शाळेत आणि बाजारात सगळे भाऊसाहेबच म्हणतात.

माझं लग्न उशिरा झालं, एकोणचाळिसाव्या वर्षी. बायको विधवा होती. तिचा पहिला नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला होता आणि तिला दोन वर्षं चार महिन्यांची मुलगी होती. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न लावतात त्याला पाट म्हणतात. पाटाला वाजंत्री नसते, माणसंही मोजकी. पण पहिल्या सासरच्यांना बोलवावंच लागतं, कारण मुलाचं काय ते त्यांच्यासमोर ठरतं. मूल बापाच्या कुळाचं, हा रिवाज. फार लहान असलं तर आईबरोबर जाऊ देतात. मोठं झाल्यावर कुळानं मागायचं आणि दुसऱ्या नवऱ्यानं निमूट द्यायचं.

पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावरून मुलीची आजी आणि चुलता आले होते. पंचांतल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "पोर कुळाची. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

पोर तेव्हा माझ्या चपलांत पाय घालून अंगणात फरफट फिरत होती. सगळे तिच्याकडे बघून हसत होते, मीही. कबूल म्हणायला मला एक क्षणही लागला नाही.

घरी आल्यावर ती मला भाऊ म्हणायला लागली. सगळे भाऊसाहेब म्हणायचे, तिच्या तोंडात तेवढंच मावत होतं. बायकोनं काही दिवस 'बाबा म्हण, बाबा' असं करून पाहिलं. मीच म्हणालो, राहू दे, बाबा जो होता तो होता. मला वाटलं, मी त्या गेलेल्या माणसाचा मान राखतोय.

सहा वर्षांची झाल्यावर तिला आमच्याच शाळेत घातली. प्रवेशाच्या दिवशी रजिस्टर माझ्यासमोर होतं आणि पेन माझ्या हातात. मुख्याध्यापक खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "भाऊसाहेब, बापाच्या रकान्यात तुमचंच नाव टाका की. पुढं पोरीला सोपं जाईल."

"जन्मदाखल्यावर जे आहे तेच येईल, साहेब."

"अहो, इथं निम्म्या पोरांच्या जन्मतारखा एक जून आहेत. त्या तुम्हीच लिहिल्यात ना?"

"त्यांचे दाखले नव्हते. हिचा आहे."

ते हसले आणि चहा मागवला. मी रकान्यात मेलेल्या माणसाचं नाव लिहिलं, आडनावासकट, स्वच्छ अक्षरात. घरी सांगितलं तेव्हा बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणाली, "तुमच्या रजिस्टरात खाडाखोड नको म्हणून माझी पोर दुसऱ्याची ठेवा."

"दुसऱ्याची नाही. ज्याची आहे त्याची."

"मग भाकरी कुणाची खाते ती?"

मी गाडीची किल्ली घेऊन शाळेला निघालो. पुढं बचतगटाच्या बैठकीत कोणीतरी तिला सांगितलं की सावत्र बापालाही मूल कायद्यानं दत्तक घेता येतं, आईची संमती असली की कागद होतात. तिनं मला विचारलं. मी म्हणालो, चौकशी करतो. मी कोणाकडेही चौकशी केली नाही. जूनमध्ये प्रवेश, मग शिष्यवृत्तीचे अर्ज, मग सहामाही, मग परीक्षांची कामं. प्रत्येक वेळी हे काम संपलं की ते, असं म्हणत पाच वर्षं गेली. कागदाला घाबरणारा माणूस असतो तर समजण्यासारखं होतं. माझा जन्म कागदात गेला.

मुलगी बहिःस्थ होती, म्हणजे वसतिगृहात न राहता घरून यायची. रोज माझ्या मोटरसायकलवर मागं बसून सहा किलोमीटर. रस्त्यावरचे दगड मोठ्यानं वाचायची आणि घरी परतताना जव्हारचा आकडा कमी झाला की खूश व्हायची. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी हजेरीची बेरीज करत बसलो की शेजारी स्टूल ओढून बसायची. एकदा पाचवीच्या पानावर तेवीस आणि एकोणीस यांची बेरीज मी त्रेचाळीस लिहिली होती. तिनं बोट ठेवलं. "भाऊ, एक पोरगी जास्त झाली." मी ती बेरीज दोनदा करून पाहिली. त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःच्या कोणत्याच गोष्टीचा वाटलेला नाही. बोललो मात्र एवढंच, "बरोबर आहे, बेचाळीस."

ती सहावीत असताना श्रावणात बायकोला ताप आला. मग डोळे पिवळे झाले. तीन दिवस जव्हारच्या दवाखान्यात ठेवली, तिथून नाशिकला नेली. ताप आल्यापासून अकराव्या दिवशी ती गेली. मुलीचं वय तेव्हा अकरा वर्षं एक महिना.

तेराव्याला आजी आणि चुलता आले. चुलता रोजंदारीवरचा माणूस. जमीन त्यांच्यात कधीच नव्हती. पावसात लोकांच्या भातात, नागलीत काम आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर. स्वभावानं वाईट नाही, हे मी तेव्हाही जाणत होतो. जेवणं झाल्यावर तो ओट्याच्या कडेला बसून म्हणाला, "भाऊसाहेब, पाटाच्या वेळची गोष्ट तुमच्या ध्यानात असलंच. आता पोर आमची आमाला द्या."

आजीला नीट दिसत नव्हतं. ती मुलीचा हात शोधून धरून बसली होती. म्हणाली, "माझ्या लेकाची येवढीच खूण राहिली ओ बाबा."

मी एक महिन्याची मुदत मागितली. ते नाही म्हणाले नाहीत.

त्या महिन्यात तीन गोष्टी झाल्या. त्या ज्या क्रमानं झाल्या त्याच क्रमानं सांगतो.

पहिली म्हणजे वकीलबाई. जव्हारला झेरॉक्सच्या दुकानाच्या वर एका खोलीत त्या बसतात. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान. मी कागद काढून सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कायद्यात बाप म्हटलं की त्यात सावत्र बाप येत नाही. तुम्ही तिचे नैसर्गिक पालक नाही, त्यामुळे आपोआप असा तुमचा काही हक्क नाही." हे पहिलं वाक्य. मी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पण मला पालक नेमा असा अर्ज तुम्ही कोर्टात करू शकता, आणि कोर्ट रिवाज नाही, मुलीचं हित बघतं, अकरा वर्षांची समजती मुलगी असेल तर तिला स्वतःला विचारतं." हे दुसरं. तेही लिहून घेतलं. निघताना त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं सांभाळलीय तुम्ही. केस वाईट नाही. आई असताना दत्तकाचे कागद का नाही केले?"

मी म्हणालो, "राहून गेलं."

जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. हे मला स्पष्ट आठवतं, आणि ते लिहायला हवं, कारण नंतर मी जे केलं ते माहिती नव्हती म्हणून केलं असं कोणाला वाटायला नको.

दुसरी गोष्ट चहाच्या टपरीवर झाली. तिथं बाजारातला एक ओळखीचा माणूस होता, रोज रामराम करणारा. त्यानं विचारलं, "मग भाऊसाहेब, आता घरात दोघंच का?" आणि हसला. एवढंच. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो.

तिसरी गोष्ट माझी बहीण. ती मोखाड्याला दिली आहे. रविवारी आली, मुलीची वेणी घालून दिली, तिला पाण्याला पाठवलं आणि मग म्हणाली, "दादा, तुझ्याबद्दल मला काही सांगायला नको. पण पोरीला आता बारावं लागलंय. घरात बाई नाही. ती तुझ्या रक्ताची नाही. उद्या कोणी वेडंवाकडं बोललं तर तू कुठं तोंड दाखवशील?"

"कोण बोलणार?"

"बोलतात लोक."

"तू ऐकलंस का कोणाकडून?"

"ऐकायची वाट बघायची का?"

तिच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून मी घरात वेगळा वागायला लागलो. मुलगी स्वयंपाकघरात असली की मी ओट्यावर बसायचो. शेजारची म्हातारी सोबतीला येऊन झोपेल अशी व्यवस्था केली. मोटरसायकलवर मागं बसताना ती पूर्वी माझा शर्ट धरायची. मी तिला म्हणालो, मागची दांडी धरत जा. तिनं का ते विचारलं नाही. दांडी धरायला लागली.

पंच बसायच्या आदल्या दिवशी तिनं शाळेतून येताना मागून विचारलं, "भाऊ, मला कोणी विचारणार का?"

वकीलबाईंचं दुसरं वाक्य माझ्या शर्टाच्या खिशात, घडी केलेल्या कागदावर होतं.

"ते मोठ्यांचं काम आहे," मी म्हणालो.

पंच रविवारी माझ्याच अंगणात बसले. सात माणसं, आजी, चुलता, माझी बहीण. मुलगी दाराच्या आत सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिच्या हातातले खडे वाटीत टाकल्याचा आवाज बाहेर येत होता. चुलत्यानं रिवाज सांगितला. मग म्हाताऱ्या पंचानं माझ्याकडे बघितलं.

"भाऊसाहेब, तुमी शिकलेलं माणूस. तुमी सांगा. पोरीला ठेवायची तर तशी सांगा, आमी ऐकू."

हे त्यानं म्हटलं होतं. मी नऊ वर्षं सांभाळलेल्या पोरीबद्दल बोलावं म्हणून पंचांनी स्वतःहून जागा करून दिली होती. मी कागद काढला, चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. "वकिलांना विचारलं. कायद्यात बाप म्हटलं की त्यात सावत्र बाप येत नाही. माझा हक्क नाही."

कागदाची खालची घडी मी उघडली नाही.

"बघा," चुलता म्हणाला, "कायदा बी तसाच हाय." तो जिंकल्यासारखा बोलला नाही. त्याला खरंच बरं वाटलं असावं की भांडण झालं नाही.

आत खडे टाकण्याचा आवाज थांबला होता.

मी मग माझ्या स्वभावाप्रमाणे एक कागद केला. शंभर ओळींचा नसेल, पण अकरा कलमं होती. मुलीला आश्रमशाळेत ठेवावं, दहावीपर्यंत शाळा सोडवू नये, भट्टीवर नेऊ नये, आजारपणात मला कळवावं. पंचांच्या सह्या घेतल्या. चुलत्यानं अंगठा उठवला आणि बोट धोतराला पुसत हसला. "कागद तुमचा, अंगठा माझा, पोर दोघांची. झालं ना, भाऊसाहेब?" सगळे हसले. मला त्या अकरा कलमांचा आधार वाटला. मी मुलीला पाठवून दिली नाही, बंदोबस्तात पाठवली, असं मनाला सांगता येत होतं.

शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात आम्ही ठरलेलं लिहितो, 'पालकांच्या विनंतीवरून.' हजारभर दाखल्यांवर तरी मी ते लिहिलं असेल. त्या दिवशी पालक म्हणून चुलत्यानं अंगठा केला आणि लिपिक म्हणून मी सही केली. मुलगी पिशवी घेऊन दारात उभी होती. तिनं दाखला हातात घेतला, तपासल्यासारखा वरून खाली वाचला आणि काही चूक न सापडल्यासारखा परत चुलत्याकडे दिला.

तिला पाड्याजवळच्या आश्रमशाळेत घातली. माझ्या दारापासून एकतीस किलोमीटर, माझ्या गाडीच्या मीटरवर. पहिल्या महिन्यात मी चारदा गेलो. वसतिगृहात भेटायला येणाऱ्यांची वही असते. त्यात नातं लिहावं लागतं. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "वडील लिहा ना." मी 'ओळखीचे' लिहिलं. मुलीनं वहीत डोकावून ते वाचलं. मी आणलेली चिक्की तिनं घेतली, मैत्रिणींना वाटली, माझ्याशी अभ्यासाचं बोलली. दुसऱ्या महिन्यात मी दोनदा गेलो. मग महिन्यातून एकदा. मग तिचीच परीक्षा, मग माझं ऑडिट. सातवीत ती गेली त्यानंतर दिवाळीपर्यंत मी एकदाच गेलो.

फेब्रुवारीत त्या शाळेचा लिपिक एका बैठकीत भेटला. मी सहज विचारलं. तो म्हणाला, "ती? दिवाळीनंतर आलीच नाही. भट्टीवर गेलेत ना ते." दिवाळीनंतर शाळा उघडल्यापासून त्या दिवसापर्यंत कामाचे एकसष्ट दिवस भरत होते. इतके दिवस मला पत्ता नव्हता.

मी तो अकरा कलमांचा कागद घेऊन वकीलबाईंकडे गेलो आणि पंचांसमोर काय बोललो ते सांगितलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला. "छान लिहिलाय," त्या म्हणाल्या. "पण लिहून घेणारे तुम्ही कोण? त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत ना, तुमचा हक्क नाही म्हणून? याचा उपयोग एवढाच, की भट्टीवर नेऊ नये हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं, असं यावरून दिसतं." मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांना अर्जाचं सांगितलंच नाही का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी का ते विचारलं नाही. मुलीसारखंच.

भट्टी वाड्याच्या पुढं होती. मी गेलो तेव्हा दुपार होती. कच्च्या विटांच्या रांगांमध्ये ती चुलत्याचं चार महिन्यांचं बाळ कमरेवर घेऊन उभी होती. उंची बरीच वाढली होती. केसांवर लाल धूळ. मला बघून तिनं बाळ दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही इकडं कसे?"

चुलता धावत आला. "भाऊसाहेब, रागावू नका. बायकोचं बाळंतपण झालं. आईला दिसत नाय, तिला पाड्यावर एकटी कशी ठेवू? आणि पोर हॉस्टेलात रडत हुती दिवाळीला. म्हटलं जवळ राहू दे. दोन महिन्यांत जाऊ माघारी."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबात माणसं जवळ असणं हीच व्यवस्था होती. माझ्याकडे व्यवस्था होती आणि माणूस जवळ नको होतं.

तो पाणी आणायला गेला तेव्हा मी तिला सांगितलं. पंचांसमोर वाचलं ते, आणि जे वाचलं नाही ते. कोर्टात अर्ज करता आला असता. कोर्टानं तुला विचारलं असतं. मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं.

बाळ रडायला लागलं होतं. तिनं ते खांद्यावर टाकून थोपटलं. मला वाटलं, ती रडेल किंवा तोंड फिरवेल. तिनं विचारलं, "मग आता विचारतील का?"

"विचारतील."

"कधी?"

मी अर्ज केला. अर्ज करताना वकीलबाईंनी सांगितलं की समोरचे रिवाजाचा मुद्दा काढतील, आणि मी स्वतःच पंचांसमोर हक्क नाही म्हटलं तोही काढतील. दोन्ही निघाले. मला उलटतपासणीत विचारलं, "तेव्हा नको होती, आता का हवी?" मी म्हणालो, "तेव्हाही हवी होती." समोरचे वकील म्हणाले, "तसं कुठं लिहिलंय?" कुठंच लिहिलेलं नव्हतं. निकाल व्हायला वर्षावर लागलं, पण कोर्टानं मधल्या काळात तिला शाळेत घालायला सांगितलं, त्यामुळे जूनमध्ये ती पुन्हा सातवीत बसली.

न्यायाधीशांनी तिला आत बोलावलं त्या दिवशी मी आणि चुलता बाहेर एकाच बाकावर होतो. दुसरा बाक मोडलेला होता. बावीस मिनिटं ती आत होती. चुलत्यानं तंबाखू मळली, माझ्यासमोर धरली, मी खात नाही हे आठवून परत घेतली.

"आत काय विचारतात ओ, भाऊसाहेब?"

"तिला कुठं राहायचंय ते."

"येवढंच?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "मग ते आपुन अंगणातच विचारलं असतं की."

त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरोखर प्रश्न पडला होता.

तिनं आत काय सांगितलं ते निकालात आलं. तिला जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात राहून शिकायचं होतं. सुट्टीत आजीकडे. भट्टीवर नाही. आणि अर्जदाराकडे, म्हणजे माझ्याकडे? न्यायाधीशांनी तिला तसं विचारलं होतं. निकालात तिचं उत्तर एका शब्दात आहे, 'रविवारी.'

तसा हुकूम झाला. पालक म्हणून आजीचं नाव लागलं, शाळेच्या कामापुरत्या सह्या माझ्या. कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला कामाच्या गावी न्यायचं नाही. आजीला पोर मिळाली, पोरीला शाळा मिळाली आणि मला आठवड्यातला एक दिवस. वकीलबाई म्हणाल्या, चांगला निकाल आहे. मीही तो पुनःपुन्हा वाचला. त्यात चूक नाही. पाटाच्या दिवशी किंवा रजिस्टराच्या दिवशी किंवा पंचांच्या दिवशी मी एक वाक्य जास्त बोललो असतो, तर तिला हे सगळं एका परक्या खोलीत एका परक्या माणसाला सांगावं लागलं नसतं, आणि कदाचित तिचं उत्तरही वेगळं असतं. कदाचित नसतंही. ते आता तपासून बघायची सोय नाही.

आतापर्यंत एकतीस रविवार झाले. त्यातले चोवीस ती आली. सकाळी दहाला येते, स्वतःचे कपडे धुते, गणितं सोडवते, जेवते. माझी बहीण अधूनमधून येते आणि तिच्या केसांना तेल लावते. मी आता घरात कुठं बसावं याचा विचार करत नाही. शेजारी कोणी काही बोललेलं माझ्या कानावर नाही.

मागच्या रविवारी जेवण झाल्यावर तिनं विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं.

"भाऊ, तेव्हा तो कागद अर्धाच का वाचलात?"

मी ठरवून ठेवलेली उत्तरं बरीच होती. आजीचं वय, रिवाज, कोर्टाच्या खेपा. त्यातलं एकही दिलं नाही. "लोक काय म्हणतील याची भीती वाटली," मी म्हणालो. "घरात बाई नव्हती. तू मोठी होत होतीस."

तिला समजलं. चौदा संपून पंधरावं लागलंय तिला.

"कोण बोललं होतं?"

मी मोजलं. मला मोजायची सवय आहे आणि या बाबतीत मी कधीच मोजलं नव्हतं. टपरीवरचा तो माणूस एक. तो तर धड बोललाही नव्हता, हसला होता. दुसरी माझी बहीण, आणि तिनं कोणाकडूनच काही ऐकलेलं नव्हतं.

"दोघं," मी म्हणालो.

"दोघंच?"

मी हो म्हणालो. तिनं ताट उचललं, मोरीत नेऊन घासलं, माझंही घासलं. वसतिगृह घरापासून दीड किलोमीटरवर, फाटक पाचला बंद होतं, म्हणून साडेचारला मी मोटरसायकल बाहेर काढली. ती पिशवी खांद्याला लावून आली आणि म्हणाली, "आज राहू द्या, भाऊ. मी चालत जाते."